आतार बाईंचा अर्धा खडू

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी विसरता न येणाऱ्या एखाद्या माणसाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा वर्गातल्या मुलांनी मोठमोठी माणसं निवडली. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांचं नाव वडगाव रासाईच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नसेल. शिवाय त्या गणित शिकवायच्या आणि मी इतिहास घेतलेला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. तेव्हा एका माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसणं हा माझ्यासारख्याचा थोडा आगाऊपणाच आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बाईंच्या हाती अंक पडला तर त्या मात्र सांभाळून घेणार नाहीत. त्या विचारतील, "हे कशावरून?" म्हणून पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहितो.

आतार बाई यवतच्या. त्यांचे वडील आसपासच्या जत्रांमध्ये हळद, कुंकू, बुक्का आणि अत्तराचं दुकान मांडायचे. गावातल्या म्हाताऱ्या बायका बाईंना रस्त्यात थांबवून विचारायच्या, "बाई, औंदा तुमचं अब्बा येनार का वो जत्रंला? त्यांच्यासारखं कुंकू कुठं मिळत न्हाई." बाई म्हणायच्या, "येतील की. तुमच्यासाठी पुडी बाजूला ठेवायला सांगते." आठवडाभर त्या गावातच एका शिंप्याच्या मागच्या खोलीत राहायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बंधाऱ्यावरून भीमा ओलांडून पलीकडं जायच्या आणि तिथून मिळेल त्या गाडीनं यवत गाठायच्या.

बाई ठेंगण्या होत्या. फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागापर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही, म्हणून तो भाग त्यांनी उंच मुलांना देऊन टाकला होता. बोलताना 'हाय' आणि 'न्हाई', पण फळ्यावर लिहिताना 'आहे' आणि 'नाही'. एकानं विचारलं होतं, बाई, असं का? तर म्हणाल्या, "घरात चप्पल घालत न्हाईस ना? मग? रस्त्यावर घालतोस. दोन्ही पाय तुझेच."

त्यांची सगळ्यात ठळक सवय म्हणजे नवा खडू हातात आला की तो मोडायचा. एक तुकडा स्वतःला ठेवायचा आणि दुसरा कुणाला तरी द्यायचा. ज्याला तुकडा मिळाला त्यानं त्या दिवशी फळ्यावर यायचं. हुशार मुलांकडे तो जायचाच असं नाही. बहुतेक वेळा तो मागच्या बाकांकडे जायचा. फळ्याजवळ गेलेला मुलगा घाईघाईनं उत्तर सांगू लागला की बाई हात वर करायच्या. "उत्तर मला ठाऊक हाय. वाट सांग." वाट चुकीची असली तरी त्या शेवटपर्यंत ऐकायच्या. मग विचारायच्या, "तुमच्या घरी हे कसं करतात?" घरी कुणी मापट्यानं मोजायचं, कुणी हातानं, कुणी बोटांची पेरं धरून. बाई ते सगळं फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायच्या आणि पुस्तकातली रीत उजव्या बाजूला. दोन्हींचं उत्तर एक आलं की समाधानानं हात झटकायच्या. त्यांच्या पदरावर कायम पांढरी धूळ असायची.

गुऱ्हाळावर काम करायला उत्तरेकडची माणसं येत. त्यांच्यातला एक ब्रिजेश आमच्या वर्गात होता. तो पाढे हिंदीत म्हणायचा आणि आम्ही हसायचो. एकदा तो 'उनतालीस' म्हणाला आणि वर्गात खसखस पिकली. बाईंनी फळ्यावर 'एकोणचाळीस' लिहिलं, त्याच्याखाली 'उनतालीस' लिहिलं आणि म्हणाल्या, "बघा. आपण चाळीसाला एक कमी म्हणतो. हा पण चाळीसाला एक कमीच म्हणतो. अरे, तेरा और हमारा हिसाब तो एकही है." मग त्यांनी साऱ्या वर्गाला हिंदीत मोजायला लावलं. आमची बोबडी वळायला लागल्यावर ब्रिजेश हसला. त्या दिवशीचा अर्धा खडू त्याला मिळाला होता.

रमजानमध्ये बाई दिवसभर पाण्याचा घोट न घेता तास घ्यायच्या. आम्हाला त्यांच्यासमोर पाणी प्यायला संकोच वाटायचा. एका मुलानं बाटली दप्तरात लपवली तर म्हणाल्या, "पी रे बाबा. तुझ्या तहानेनं माझा रोजा मोठा व्हत न्हाई."

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती सांगतो. आम्ही नववीत होतो. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा कुणाच्या डोक्यात शिरत नव्हता. एके दिवशी बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं. "ही विहीर. किती आण्यांची?"

"सोळा," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. आमच्याकडे विहिरी भावकीत असतात. अख्खी विहीर म्हणजे सोळा आणे. ती भावाभावांत वाटली जाते आणि वाट्याप्रमाणे पाण्याच्या पाळ्या लागतात. आठ दिवसांच्या फेऱ्यात आठ आणेवाल्याचे चार दिवस, चार आणेवाल्याचे दोन. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. यावरून घरात भांडणं व्हायची, ती ऐकून ते कळलं होतं. जो तो उठून आपला वाटा सांगायला लागला. सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा विकास छाती पुढं काढून म्हणाला, "आमचा दहा आणे." मी हळूच दोन आणे सांगितलं. बाई एकेक आकडा लिहीत होत्या, गुणोत्तरं मांडत होत्या, आणि गणित असं सोपं असतं हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं. बाईही खूश होत्या. त्या ओळीनं विचारत चालल्या होत्या.

"कमळ, तुमचा?"

कमळ उभी राहिली. तिचे वडील दगडूमामा विकासच्या घरी सालगडी होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. ती विकासच्या रानातल्याच एका खोलीत राहायची. ती बाकाची कड नखानं खरवडू लागली.

"शून्य आणे," विकास मागून म्हणाला.

वर्ग हसला. ब्रिजेशही हसत म्हणाला, "मेरा भी जीरो." पण कमळ हसली नाही. ती खाली बसली आणि तिनं मान बाकावर टेकवली. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या होत्या. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, फळ्यावरच्या विहिरीकडे पाहिलं. घंटा झाली तेव्हा गणित अर्धवटच होतं. त्यांनी अर्धवट सोडलेलं एवढंच गणित मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी कमळ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर बाई मला म्हणाल्या, "तुमचं रान तिकडंच ना? चल, वस्ती दाखव."

दगडूमामा गोठ्यापुढं कडबा तोडत होते. बाईंना पाहून त्यांनी पटका सावरला. "या बाई. पोरगी लई तरास देती का?"

"तरास मी दिलाय, मामा," बाई म्हणाल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"न्हाई वो. तिच्या टकुऱ्यात गनित शिरंना म्हंती. म्या म्हनलं, मग ऱ्हाऊ दे. खुरपायला बाया मिळंनात. आईसंगं जाईल."

कमळ दाराआड उभी होती. बाईंनी तिला बाहेर बोलावलं. "कमळ, तू उत्तर चुकली न्हाईस. माझा प्रश्न चुकला."

कमळची आई पाणी घेऊन आली होती. तिनं विचारलं, "प्रश्न बी चुकतो व्हय, बाई?"

"लई येळा. ज्यांची विहीर हाय त्यांच्यासाठीच मी गणित मांडलं. ज्यांची न्हाई त्यांनी काय मांडायचं, ह्याचा विचारच केला न्हाई." बाईंनी पर्समधून खडू काढला, मोडला आणि एक तुकडा कमळपुढं धरला. "सोमवारी घेऊन ये. न्हाई आलीस तर मला अर्ध्या खडूवर सगळा तास काढावा लागंल."

दगडूमामा हसले. "घे पोरी. येवढं म्हंत्यात तर घे."

सोमवारी कमळ आली. बाईंनी विहिरीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, "आपापलं बाकडं वितीनं मोजा." वर्गात एकच कालवा झाला. एकाच बाकड्याचे दोघं दोन आकडे सांगू लागले. विकास म्हणाला, "बाई, माझी वीत मोठी, म्हंजी माझंच बरोबर."

"कुणाची वीत खोटी?" बाईंनी विचारलं.

सगळे आपापल्या वितीकडे बघू लागले. मग कमळ म्हणाली, "कुनाचीच न्हाई. मोठी वीत कमी येळा बसती, बारकी जास्त येळा. बाकडं तेवढंच हाय की."

बाईंनी तिला फळ्याशी बोलावलं आणि तिचं वाक्य तिच्याच खडूनं, तिच्याच शब्दांत लिहायला लावलं. आम्ही सगळ्यांनी ते उतरवून घेतलं. यालाच पुस्तकात व्यस्त प्रमाण म्हणतात, हे बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला आजही व्यस्त प्रमाण म्हटलं की कमळचं बाकडं आठवतं.

काही दिवसांनी विहीर परत फळ्यावर आली. पण आता बाई म्हणाल्या, "ही विहीर वर्गाची. सोळा आणे, आणि आपण एवढे जण. प्रत्येकाला किती?" ते काही नीट भागलं जाईना, आणि पाळ्या कशा लावायच्या यावरून आम्ही सगळा तास भांडलो. ब्रिजेशनंही आपल्या वाट्यासाठी तावातावानं भांडून घेतलं. तेव्हापासून बाईंना एक नवी सवय लागली. कुठलंही उदाहरण घालण्याआधी त्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एक नजर फिरवायच्या. कुणी बाहेर राहतंय का, हे त्या बघत असाव्यात. त्यांनी तसं बोलून कधी दाखवलं नाही.

नववीचं वर्ष संपत आलं. दहावीचा निकाल चांगला लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडवून ठेवायचं, अशी बऱ्याच ठिकाणी रीत होती. याला 'गाळणं' म्हणायचे. आमच्या वर्गाची आणि ऑफिसची भिंत म्हणजे नुसता पत्रा होता, त्यामुळे तिकडचं बोलणं आम्हाला ऐकू यायचं. मुख्याध्यापक वाईट नव्हते. ते काकुळतीला येऊन म्हणत होते, "बाई, निकाल पडला की गावकरी मला विचारतात, तुम्हाला नाही. ती कमळ गणितात पास होणार नाही. एक वर्ष मागं राहिली तर तिचंच भलं होईल."

"सर, मागं राहिली तर ती शाळेत राहणार न्हाई. खुरपं घेऊन जाईल."

"मग मी काय करू?"

"गाळणी चहाला ठेवा. पोरं वर पाठवा. कमळ दहावीला गणितात नापास झाली तर दहावीचं गणित मी सोडते. आयुष्यभर पाचवीला शिकवीन."

पत्र्यापलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच शब्द देताय."

पत्र्याच्या अलीकडे कमळ बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्या वर्षी कुणालाच गाळलं नाही. दहावीला बाई प्रार्थनेच्या आधी एक तास घेऊ लागल्या, ज्याला यायचं त्यानं यावं. कमळ रोज यायची, कांद्याची काढणी सुरू झाली की मात्र तिला येता यायचं नाही. तोंडी ती पटापटा सांगायची, पण कागदावर पायऱ्या मांडताना अडखळायची. बाई म्हणायच्या, "तपासणाऱ्याला तुझा आवाज ऐकू येत न्हाई गं. त्याच्यासाठी वाट लिहून ठेवावी लागती."

परीक्षा झाली. आणि पाडवा आला. सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. दगडूमामांची आणि विकासच्या वडिलांची पुढच्या सालाची बोली जमली नाही. बाडबिस्तरा घेऊन ती माणसं भीमेपलीकडं गेली. कुठल्या गावाला, ते कुणी नीट सांगेना. कुणी म्हणे पारगावकडं, कुणी म्हणे थेट दौंडच्या खाली.

जूनमध्ये निकाल लागला. कमळ बाकी सगळ्या विषयांत पास होती. गणितात थोडक्यात राहिली होती.

मुख्याध्यापक आपण होऊन बाईंना म्हणाले, की तो शब्द रागाच्या भरातला होता, मी तो धरलेला नाही. बाई म्हणाल्या, "मी धरलाय." जून संपायच्या आत त्या पाचवीच्या वर्गावर गेल्या. आम्हाला वाटलं त्या खचतील. पण मी दाखला आणायला शाळेत गेलो, तर पाचवीच्या वर्गातून केवढा तरी गोंगाट येत होता आणि बाई सगळ्या पोरांना अंगणात उभं करून आपापल्या सावलीची लांबी मोजायला लावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "पाचवीची पोरं बरी असतात रे. अजून घाबरायला शिकलेली नसतात." मग लगेच विचारलं, "कमळचा काही पत्ता लागला का?"

बाईंना सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागली होती. नापास होणं त्यांच्या हिशेबात फार मोठं नव्हतं. परत बसता येत होतं. पण कमळ परत बसली का, की खुरपं घेऊन गेली, हे कळायला मार्ग नव्हता. तिचा निकाल तिच्या आईच्या भावानं येऊन नेला होता आणि तोही धड काही बोलला नव्हता. बंधाऱ्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला बाई विचारायच्या. पुढं त्यांची बदली यवतच्या बाजूच्या शाळेत झाली. मी शिरूरला कॉलेजात आलो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते यवतच्या स्टँडवर. आत्याकडे चाललो होतो. एसटी थांबली आणि खिडकीतून पाहतो तर बाई उभ्या. चष्मा जाड झाला होता, पदरावरची पांढरी धूळ तशीच होती. मी हाक मारली. त्या खिडकीखाली आल्या.

"शिरूरला ना? काय घेतलंस?"

"इतिहास, बाई."

"आणि गणित?"

"नाही घेतलं."

"मग माझ्याकडून शिकलास काय रे?" त्या हसत होत्या. तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली तशा त्या दोन पावलं बरोबर चालल्या. "कमळचं कळलं तर सांग मला. विसरू नको." मी मान हलवली. वळणावर गाडी वळेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या, हात कपाळावर आडवा धरून.

मला काही कळलं नाही आणि मी काही सांगू शकलो नाही. गेल्या महिन्यात शिरूरच्या स्टँडवर विकास भेटला. तो आता शेती बघतो. औषध फवारायचा पंप दुरुस्तीला घेऊन आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "तुला कळलं का? कमळचं गणित सुटलं."

मी कप खाली ठेवला.

"दगडूमामा आल्ता आमच्याकडं, पेढं घिऊन. आमच्या तात्यांच्या हातावर पेढा ठिवला आन् म्हनला, साल मोडलं म्हून काय झालं, पोरगी हितंच शिकली. मग मला म्हनला, बाईंचं घर दाव. म्या म्हनलं, बसा गाडीवर. गेलो यवतला."

"मग? बाई काय म्हणाल्या?"

"मामानं पेढा दिला तर त्यांनी तो मोडला. अर्धा त्याच्या हातावर ठिवला. आन् म्हनल्या, मामा, उत्तर कळलं. आता वाट सांगा."

"मामांनी सांगितली?"

"सांगितली म्हंजी? खाली मांडी घालून बसला की. पयल्यांदा परत बसली तवा ताप आल्ता, तिथनं धरलं त्यानं. मग नव्या मालकाच्या पोरीकडनं पुस्तक कसं मागितलं, कांदं काढताना पायऱ्या कशा म्हनायची, आय झोपली की भितीवर कसं लिवायची. त्याला लिवता-वाचता येत न्हाई, पर एक बी पायरी सोडली न्हाई गड्यानं. मला परत यायची घाई, धारा काढायच्या हुत्या. म्या म्हनलं, मामा, चला आता. तर बाई माझ्याकडं बघून म्हनल्या, विकास, बस खाली. त्यांचं अजून संपलं न्हाई."

"मग?"

"मग काय," विकास म्हणाला, "बसलो."